बी.एस्सी. जीवशास्त्राच्या मुलांसाठी इंटर्नशिप : कुठे, कधी आणि कशी शोधायची?



आजचा विषय आपल्या वर्गाबाहेरचा आहे. आपण प्राथमिकचे शिक्षक, आपला रोजचा संबंध पहिली ते पाचवीशी. पण आपल्या हाताखालून गेलेली लेकरं मोठी होतात, कॉलेजात जातात, आणि काही अडलं की त्यांचे आई-वडील विचारायला येतात ते गावातल्या शाळेतच. "सर, पोरगी बी.एस्सी.ला हाय. कॉलेजवाले इंटर्नशिप करा म्हणायलेत. ते काय असतंय? पैसे भरावे लागतात का?" हा प्रश्न अलीकडे वारंवार कानावर येतो. म्हणून ही माहिती एका जागी लिहून काढली आहे.

आपल्या भागात या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. बारावी आणि नीटसाठी लातूर आणि नांदेड ही दोन्ही गावं राज्यभर माहीत आहेत. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तर मुंबई-पुण्यातही कळतो. नीट देणाऱ्या मुलासाठी इथे सगळी व्यवस्था उभी आहे : क्लास, सराव परीक्षा, मेस, होस्टेल, प्रवेशाचा सल्ला देणारे. पण वैद्यकीयच्या जागा मर्यादित, त्यामुळे परीक्षा देणाऱ्या मुलांपैकी बरीच मुलं शेवटी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी.ला येतात. घरात वातावरण असं की, "हुकलं, आता कर बी.एस्सी." त्या दिवसापासून त्या मुलाला कोणी काही सांगत नाही. तो तिसऱ्या वर्षाला पोहोचतो, इंटर्नशिपची नोटीस लागते, आणि मग ओळखीच्या कोणाकडून तरी सही-शिक्का आणून काम भागवलं जातं. कागद पूर्ण होतो, पण मुलाच्या हाताला काही लागत नाही.

या लेखात मला मुख्यतः एक गोष्ट सांगायची आहे. जीवशास्त्राची चांगली इंटर्नशिप जाहिरात बघून एकदम मिळत नाही. आधी घराजवळ एक छोटं पण खरं काम करावं लागतं. त्या कामाची वही दाखवून पुढची, मोठ्या ठिकाणची संधी मागता येते. आणि हे सगळं मार्चमध्ये सुरू करून जमत नाही, जूनमध्येच सुरू करावं लागतं.

इंटर्नशिप म्हणजे काय, आणि आताच का?

सोप्या शब्दांत, कॉलेजात शिकलेला विषय जिथे प्रत्यक्ष वापरला जातो तिथे ठराविक दिवस जाऊन, कोणाच्या तरी हाताखाली काम शिकणं म्हणजे इंटर्नशिप. डी.एड.ला आपण सराव पाठ आणि शाळानुभव करत होतो, तसंच हे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यानंतर महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात पदवीची नवी रचना ठरवली. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. अशा संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. तिच्यात फिल्ड प्रोजेक्ट, समुदाय सहभाग आणि ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, यांना क्रेडिट आहेत. ओजेटीला साधारणपणे ४ क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला ३० तास धरतात. म्हणजे १२० तास. रोज ६ तास काम धरलं तर २० दिवस. नेमकं कोणत्या सत्रात, कोणत्या नमुन्यात अहवाल द्यायचा, हे प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयातल्या समन्वयक प्राध्यापकांना विचारावं.

इथे पालकांचा एक गोंधळ होतो. वर्तमानपत्रात पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना यांच्या बातम्या येतात. या दोन्ही २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजना ज्यांचं पूर्णवेळ शिक्षण चालू नाही अशा तरुणांसाठी आहेत. बी.एस्सी. चालू असताना करायची इंटर्नशिप वेगळी. पदवीनंतर त्या योजनांचा विचार जरूर करावा.

सोयाबीनच्या शेतापासून सुरुवात

"घराजवळचं छोटं काम" म्हणजे काय ते एका उदाहरणाने बघू. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत खरिपाचं मोठं पीक सोयाबीन. सोयाबीनच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात. हे आपण सगळ्यांनी पुस्तकात वाचलं आहे. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमची बीजप्रक्रिया करा, असं कृषी विभाग सांगतो, ते याच गाठींसाठी.

आता बी.एस्सी.च्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षातल्या मुलीने जूनमध्ये वडिलांना सांगून एकाच शेतात, एकाच जातीच्या, एकाच दिवशी पेरलेल्या दोन पट्ट्या ठेवायच्या : एक बीजप्रक्रिया केलेली, एक न केलेली. पेरणीनंतर ४० ते ४५ दिवसांनी दोन्ही पट्ट्यांतली वेगवेगळ्या ठिकाणची दहा-दहा झाडं घ्यायची. हाताने ओढायची नाहीत, नाहीतर गाठी मातीतच राहतात. कुदळीने मातीसकट काढून, पाण्यात हळू धुवून गाठी मोजायच्या. मग काही गाठी ब्लेडने कापून बघायच्या. आतून गुलाबी-लालसर असेल तर गाठ काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा असतो. आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ अजून कामाला लागलेली नाही किंवा तिचं काम संपलं आहे. प्रत्येक झाडाचा आकडा वहीत लिहायचा. तारीख, पाऊस, जमीन, त्या शेतात आधी काय होतं, हेही लिहायचं.

यात खर्च जवळजवळ नाही. पण विज्ञान पूर्ण आहे. आणि गंमत अशी की कदाचित दोन्ही पट्ट्यांत फरक दिसणारच नाही. ज्या शेतात वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलं जातं तिथे हे जिवाणू जमिनीत आधीच असतात आणि बाहेरून दिलेल्या जिवाणूंना ते जागा देत नाहीत. मग मुलीने आकडे बदलायचे का? अजिबात नाही. "फरक दिसला नाही" हेही उत्तरच आहे, आणि त्यातून पुढचा चांगला प्रश्न निघतो : गाठी करणारे जिवाणू जुने की नवे, हे ओळखायचं कसं? हा प्रश्न घेऊन ती एखाद्या प्रयोगशाळेच्या दाराशी जाऊ शकते.

वेळापत्रक बघा. जून-जुलैत पेरणी, ऑगस्टमध्ये मोजणी, सप्टेंबरमध्ये दोन-तीन पानांचं टिपण. पुढच्या उन्हाळ्यातल्या मोठ्या कार्यक्रमांचे अर्ज निघतात त्याच सुमारास, दिवाळीच्या आगेमागे. खरिपाचं पीक काढायला येईपर्यंत मुलीकडे दाखवण्यासारखं स्वतःचं काम तयार असतं.

घराजवळ कुठे काम मिळू शकतं?

शेती नसलेल्या मुलांनाही वाटा आहेत. विषयानुसार काही जागा सांगतो. यांतल्या कुठल्याही ठिकाणी ठरलेल्या जागा असतातच असं नाही. महाविद्यालयाचं पत्र घेऊन स्वतः जाऊन विचारावं लागतं.

वनस्पतिशास्त्र : परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची केंद्रं आपल्याच जिल्ह्यांत आहेत. नांदेडला कापूस संशोधन केंद्र आहे, लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. बिलोली तालुक्यात सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र आहे, लातूरलाही आहे. माती परीक्षण, कीड-रोगांचं सर्वेक्षण, बियाण्याची उगवण तपासणं ही कामं अशा ठिकाणी चालतात. अर्धापूर भागात केळी आहे. तिथे ऊतिसंवर्धित रोपं वापरणारे शेतकरी आहेत आणि पानांवरच्या करप्याचा त्रासही आहे. निलंगा तालुक्यातली बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची पटडी चिंच, औसा तालुक्यातली कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावांत किती झाडं आहेत, कोणत्या वयाची, कोणाच्या बांधावर, ही नोंदसुद्धा उत्तम फिल्ड प्रोजेक्ट होईल.

प्राणिशास्त्र : देवणी ही गोवंशाची जात लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या नावाने ओळखली जाते, आणि लाल कंधारी नांदेडच्या कंधारच्या नावाने. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आपल्या गावात शुद्ध देवणी किती उरल्या, कोणत्या लक्षणांवरून ओळखायच्या, हे काम प्राणिशास्त्राचा विद्यार्थी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली करू शकतो. किनवट-माहूरचं जंगल आणि पैनगंगा अभयारण्य जवळ आहे. वनविभागाची परवानगी घेऊनच तिथे काम करावं. गोदावरीकाठी आणि विष्णुपुरीच्या जलाशयावर हिवाळ्यात पक्षी मोजण्याचं कामही करता येतं.

सूक्ष्मजीवशास्त्र : पाणी हा आपला जुना विषय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते कोणी विसरलेलं नाही. पाणी टंचाईचं असलं की त्याच्या शुद्धतेचा प्रश्नही वाढतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत गावोगावचे नमुने तपासले जातात. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना पाणी तपासणीचे संच वापरायला शिकवलं आहे. विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या विहिरी, बोअर आणि नळ यांचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासले तर गावालाही उपयोग होतो. दूध संकलन केंद्रातली तपासणी, पॅथॉलॉजी लॅब हेही पर्याय आहेत. पॅथॉलॉजीत मात्र मुलाने रक्त काढणं किंवा हातमोज्यांशिवाय नमुने हाताळणं अशी कामं करू नयेत. तिथे त्याला काय करू दिलं जाणार आहे, ते आधी विचारून घ्या.

सगळ्यांसाठी : जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच गावांत ही नोंदवही एकदा तयार झाली आणि कपाटात गेली. ग्रामसेवक आणि सरपंचांशी बोलून विद्यार्थ्याने ती अद्ययावत करायला घेतली, गावातल्या जाणत्या माणसांकडून झाडपाल्याची, माशांची, जुन्या बियाण्यांची माहिती नोंदवली, तर कामही होतं आणि ग्रामपंचायतीचं पत्रही मिळतं.

पुढची पायरी : परभणी, जालना, हैदराबाद, पुणे

एक-दोन छोटी कामं झाली की लांब बघायचं. आपल्या मनात लांब म्हणजे पुणे. पण नांदेडकरांना हैदराबाद जवळ आहे, तिथे थेट रेल्वे जाते. लातूर-उदगीरकरांनाही बिदर-जहीराबादमार्गे तो रस्ता ओळखीचा आहे.

हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून आहे. तिची मुख्य पिकं बघा : तूर, हरभरा, ज्वारी, बाजरी, भुईमूग. म्हणजे आपल्याच बांधावरची पिकं. ज्या मुलाने लहानपणापासून तूर बघितली आहे, त्याने अशा संस्थेकडे बिचकत बघण्याचं कारण नाही. हैदराबादलाच पेशी आणि रेणूजीवशास्त्राचं केंद्र सीसीएमबी आहे, आणि ज्वारी-बाजरीवर काम करणारी भारतीय भरडधान्य संशोधन संस्थाही आहे.

पुण्यात आघारकर संशोधन संस्था १९४६ पासून आहे. तिचं मूळ नाव महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच सोयाबीनच्या 'एमएसीएस' जाती आल्या. तसंच 'एमएयूएस' नावाच्या जाती परभणीच्या. आपले शेतकरी ही नावं बियाण्याच्या पिशवीवर रोज वाचतात, पण त्यांच्या मागे एक प्रयोगशाळा आहे आणि तिथे आपली पोरं जाऊ शकतात, हे घरात कोणी बोलत नाही. पुण्यात याशिवाय राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहेत.

जालना विसरू नका. बियाणे उद्योगाचं ते मोठं केंद्र आहे. तिथे १९६४ मध्ये महिको सुरू करणारे बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याची शुद्धता आणि उगवण तपासणाऱ्या प्रयोगशाळांत वनस्पतिशास्त्राच्या मुलांना शिकण्यासारखं खूप आहे.

देशपातळीवर एक कार्यक्रम प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा : तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून ती देतात. निवड झालेला विद्यार्थी उन्हाळ्यात सुमारे आठ आठवडे देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करतो. विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. अर्जात आपल्याला काय करायचं आहे ते थोडक्यात लिहावं लागतं आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. मुदत नवीन वर्ष लागायच्या आधीच संपते. म्हणून जानेवारीत चौकशी करणाऱ्याला ते वर्ष हुकतं. कोणत्या वर्षाचे विद्यार्थी पात्र आहेत आणि गुणांची अट काय, हे त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचूनच अर्ज भरावा. ही शिष्यवृत्ती शिक्षकांसाठीही आहे. महाविद्यालयात शिकवणाऱ्या मित्रांना हे सांगा.

बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये बी.एस्सी.च्या मुलांना जीवशास्त्राचं प्रकल्प-शिक्षण देणारा उन्हाळी कार्यक्रम आहे. मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या मुलांसाठी शिबिरं घेतं. अशा शिबिरांसाठी पहिल्या वर्षापासूनच लक्ष ठेवावं लागतं. "आधी पास तर हो, मग बघू" असं म्हणत दोन वर्षं गेली की दारं बंद झालेली असतात.

अर्ज करण्याआधी आपल्या विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षेचा अंदाज घ्या. परीक्षा मेमध्ये लांबली आणि संस्थेने मेच्या पहिल्या आठवड्यात बोलावलं, तर पंचाईत होते. अशा वेळी तारखेत थोडा बदल करता येईल का, हे निवड झाल्याबरोबर विचारावं.

पत्र कसं लिहायचं?

ठरलेल्या कार्यक्रमांशिवाय थेट शास्त्रज्ञाला ई-मेल पाठवूनही काम मिळतं. पण बहुतेक मुलं एकच मजकूर पन्नास जणांना पाठवतात : "मी हुशार व मेहनती विद्यार्थी आहे, मला आपल्या नामांकित संस्थेत संधी द्यावी." असं पत्र वाचणाऱ्याला त्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. चांगलं पत्र साधारण असं असतं :

"आदरणीय मॅडम, मी नांदेड जिल्ह्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र. गेल्या खरिपात आमच्या शेतात बीजप्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या सोयाबीनची प्रत्येकी १० झाडं ४२ व्या दिवशी काढून मी मुळांवरच्या गाठी मोजल्या. दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. त्या शेतात बरीच वर्षं सोयाबीन आहे, म्हणून जमिनीतले जुने जिवाणूच गाठी करत असावेत असं मला वाटतं. पण ते तपासायचं कसं, हे कळलं नाही. आपल्या प्रयोगशाळेत याच विषयावर काम चालतं असं संस्थेच्या संकेतस्थळावर वाचलं. मे-जूनमध्ये सहा आठवडे शिकायला येता येईल का? माध्यम तयार करणं, जिवाणू वाढवणं आणि ग्रॅम अभिरंजन मला येतं. डीएनए वेगळं करणं अजून येत नाही. वहीची चार पानं आणि माझ्या सरांचं पत्र सोबत जोडलं आहे."

हेच साध्या, छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत लिहायचं. भारी शब्द शोधायची गरज नाही. या पत्रात चार गोष्टी आहेत : मी काय केलं, मला काय अडलं, तुमच्याकडेच का यायचं आहे, आणि मला काय येतं व काय येत नाही. शेवटची गोष्ट मुलं लपवतात. पण काय येत नाही हे सांगितलं की समोरच्याला कुठून शिकवायला सुरुवात करायची ते कळतं.

प्रत्येक पत्र त्या व्यक्तीचं काम वाचून वेगळं लिहावं. बरीच पत्रं अनुत्तरित राहतात, ते मनाला लावून घेऊ नये. शास्त्रज्ञांकडे मेल खूप येतात. दोन आठवड्यांनी एकदा नम्र आठवण करावी, तिसऱ्यांदा करू नये. वीस पत्रांतून एक होकार आला तरी तो पुरेसा आहे, कारण उन्हाळा एकच असतो.

पैसे, फसवणूक आणि मुलींना पाठवण्याचा प्रश्न

आता पालकांशी थोडं स्पष्ट बोलतो.

पैसे घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती मोबाईलवर खूप येतात. दोन व्हिडिओ बघायचे आणि "संशोधन इंटर्न" असा कागद घ्यायचा. त्यावर पैसे घालू नका. काही मान्यताप्राप्त संस्था प्रशिक्षणासाठी ठराविक शुल्क घेतात, हे खरं आहे. पण ते त्यांच्या संकेतस्थळावर जाहीर असतं, संस्थेच्या खात्यात भरलं जातं आणि पावती मिळते. कोणाच्या वैयक्तिक मोबाईल नंबरवर पैसे मागितले तर थांबा. सरकारी संस्थांचे ई-मेल पत्ते बहुधा 'डॉट आरईएस डॉट इन', 'डॉट एसी डॉट इन' किंवा 'डॉट जीओव्ही डॉट इन' असे संपतात, तेही बघून घ्या. शंका आली तर महाविद्यालयातल्या सरांना किंवा मॅडमना दाखवा.

दुसरा प्रश्न मुलींचा. नीटच्या क्लाससाठी आपण मुलीला दोन-दोन वर्षं लातूरला खोली करून ठेवतो. पण हैदराबादला सहा आठवडे पाठवायचं म्हटलं की घरात नाही येतं. काळजी समजते. म्हणून नुसतं नाही म्हणण्याऐवजी विचारायचे प्रश्न लिहून घ्या. संस्थेचं निवडपत्र आहे का? त्यावर मार्गदर्शकाचं नाव आहे का? राहणं संस्थेच्या वसतिगृहात की बाहेर? बाहेर असेल तर संस्थेत आधी राहिलेल्या मुली कुठे राहतात? प्रयोगशाळेची वेळ काय, रात्री थांबावं लागतं का? तक्रार असेल तर कोणाकडे करायची? दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत महिलांसाठी अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे, हे मुलीला माहीत असू द्या. शक्य असेल तर पहिल्या दिवशी सोबत जाऊन जागा बघून या. एवढी उत्तरं मिळाली तर पाठवा.

खर्च झेपत नसेल तर विद्यावेतन देणाऱ्या कार्यक्रमांना आधी अर्ज करावा. आणि बाहेर जाणं शक्यच नसेल तर घराजवळचं काम कमी दर्जाचं समजू नये. गावाच्या पाण्याची वर्षभराची नीट नोंद एखाद्या सही-शिक्क्याच्या कागदापेक्षा मुलाखतीत जास्त बोलायला देते.

आपण प्राथमिक शिक्षक यात काय करू शकतो?

बरंच काही. पहिलं म्हणजे आपली शाळाच अशा मुलांना काम देऊ शकते. सीझनवॉच हा झाडांच्या निरीक्षणाचा देशव्यापी उपक्रम आहे. त्यात एका झाडाला दर आठवड्याला बघून पालवी, फुलं, फळं यांची नोंद करतात आणि शाळांनाही भाग घेता येतो. गावातल्या बी.एस्सी.च्या मुलीने आपल्या चौथी-पाचवीच्या वर्गाकडून शाळेतल्या लिंबाच्या, चिंचेच्या झाडाची अशी नोंद करून घेतली, तर तिचं समुदाय सहभागाचं काम होऊ शकतं आणि आपल्या परिसर अभ्यासाला जिवंत धडा मिळतो. तिने आधी महाविद्यालयात विचारून घ्यावं, म्हणजे तास धरले जातील. मुख्याध्यापकांच्या सहीने कामाचे दिवस आणि तास खरे लिहून पत्र द्यावं. न केलेल्या कामाचं पत्र कोणी मागितलं तर देऊ नये. त्याने ज्या मुलीने खरोखर वीस दिवस काम केलं तिच्या कागदाची किंमत कमी होते.

दुसरं, निरीक्षणाची वही. आज आपल्या वर्गात अळीचं फुलपाखरू होताना बघून रोज एक ओळ लिहिणारं लेकरू दहा-बारा वर्षांनी प्रयोगशाळेत तीच सवय घेऊन जातं. त्यासाठी वेगळा तास लागत नाही. तारीख टाकायची, जे दिसलं तेच लिहायचं, दिसलं नाही तर "दिसलं नाही" असं लिहायचं, एवढं शिकवलं तरी पुरे.

तिसरं, माहिती पोहोचवणं. ऑक्टोबर लागला की गावातल्या बी.एस्सी.च्या मुलांना बोलावून एकदा विचारा : यंदा वहीत काय आहे, आणि अर्ज कुठे करायलास? आपल्याला जीवशास्त्रातलं सगळं येत नसलं तरी चालतं. वेळेवर विचारणारं कोणीतरी असलं की मुलं कामाला लागतात.

तुमच्या तालुक्यात विद्यार्थ्यांना काम शिकू देणारी एखादी प्रयोगशाळा, संशोधन केंद्र किंवा रोपवाटिका माहीत असेल, तर तुमच्या शाळेच्या पालकसभेत तिची माहिती नक्की सांगा. आणि हा लेख ज्यांच्या घरात बी.एस्सी.चं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांना वाचायला द्या.